कावसजीचे नाक आणि वेरूळचा चितारी

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वेरूळ लेण्यांची चोवीस दृश्ये १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली आणि ती ज्या जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियलने सिद्ध केली, त्याच वेल्सने त्याआधी पुण्यात नवे नाक मिळालेल्या एका गाडीवानाचे व्यक्तिचित्र रंगवले होते. आधुनिक प्लास्टिक सर्जरीची कुळकथा सांगताना या चित्राला जेवढे महत्त्व द्यायला हवे, तेवढे सहसा दिले जात नाही.

या शस्त्रक्रियेत शरीरात प्लास्टिक भरतात, हा समज लगेच निकालात काढता येतो. घडवणे, आकार देणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले हे विशेषण १८३८ मध्ये एदुआर्द त्साइसच्या जर्मन ग्रंथाच्या शीर्षकात होते आणि बेकेलाइट हे पहिले पूर्णतः कृत्रिम प्लास्टिक १९०७ चे. ती श्रीमंतांच्या सौंदर्यहौसेतून जन्मली, हा समज मात्र अधिक चिवट आहे आणि त्याला कावसजीचे चरित्रच उत्तर देते. इंग्रज सैन्याचा हा बैलगाडीवान १७९२ च्या युद्धात टिपूच्या हाती सापडला, नाक आणि एक हात गमावून परतला आणि वर्षभराहून अधिक काळ नकटा राहिल्यावर पुण्याजवळच्या एका वीट पाडणाऱ्याने त्याला नाक लावून दिले.

लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ऑक्टोबर १७९४ ला छापलेल्या पत्रात या कृतीचे बारकाईने वर्णन आहे. नाकाच्या खुंटावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला आकार देत, तोच पत्रा सपाट करून कपाळावर ठेवत, त्याच्या कडेने रेघ आखून तेवढी कातडी सोडवीत. मात्र दोन्ही डोळ्यांमधली अरुंद पट्टी जोडलेली ठेवत, कारण नवा सांधा जमेपर्यंत रक्त त्या वाटेने येत राही. मग ती कातडी पिळून खाली वळवत, खुंटाभोवती घेतलेल्या छेदात तिच्या कडा बसवत आणि टाक्यांऐवजी विड्यातला काथ पाण्यात भिजवून तो माखलेल्या कापडाच्या पट्ट्या एकावर एक चिकटवत. चार दिवसांनी तुपात बुडवलेले कापड येई आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मधली पट्टी कापली जाई.

हे तंत्र सुश्रुताचेच, असे सर्रास सांगितले जाते. परंतु सुश्रुतसंहितेत झाडाच्या पानाने माप घेऊन कातडी गालावरून घेण्यास सांगितले आहे, कपाळावरून नव्हे, आणि हा फरक तपशिलाचा नसून रक्तपुरवठ्याच्या साऱ्या आखणीचा आहे. याउलट सतराव्या शतकातल्या निकोलाव मनुचीने, विजापूरकरांनी नाके कापलेल्या मोगल सैन्यातील लोकांवर स्थानिक वैद्य भुवयांवरची कातडी खाली ओढून उपचार करत असल्याचे नोंदवले आहे. त्यामुळे पुण्याच्या कारागिराचा गुरू संहितेपेक्षा दख्खनच्या रणांगणातच शोधावा, हे अधिक सयुक्तिक ठरते. नाके कापण्याची शिक्षा जिथे वारंवार होई, तिथेच ती पुन्हा बसवणारा हातही तयार झाला असावा. कांगड्याच्या नाक घडवणाऱ्या घराण्यांचा दाखला देऊन उत्तरेकडे मूळ शोधणाऱ्यांचे म्हणणे मोडीत काढता येत नाही, पण पुण्याला विजापूर जवळ आहे.

नावाविषयीही असाच घोळ आहे. ‘कावसजी’ हे पारशी नाव म्हणून गाडीवानालाही पारशी ठरवले जाते. प्रत्यक्षात ते पत्र त्याला शेतकरी जातीचा मराठा, म्हणजे बहुधा कुणबी, म्हणते. शिवकालापासून रुळलेले ‘कावजी’ हे नाव इंग्रज कानांनी मुंबईच्या ओळखीच्या पारशी नावात मिसळून टाकले असावे, हाच उलगडा सर्वांत सरळ वाटतो.

मुंबई इलाख्यातील थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली होती. तरीही दूरच्या शल्यविशारदांना शब्दांपेक्षा चित्राने पटवले असणार, कारण वेल्सच्या व्यक्तिचित्रावरून विल्यम नटरने कोरलेला छाप १७९५ मध्ये निघाला आणि त्यात कपाळावरचा व्रण व नाकाचा आकार एकाच नजरेत येतात. वेरूळच्या खांबांची प्रमाणे टिपणारी तीच शिस्त इथे दिसते. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने प्रेतांवर सराव करून १८१४ मध्ये ही पद्धत वापरली आणि १८१६ मध्ये दोन यशस्वी शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कपाळाची कातडी वळवून नाक घडवण्याची ही रीत आजही शस्त्रक्रियागृहांत वापरात आहे. पत्राने मात्र त्या वीट पाडणाऱ्याची जात सांगितली, नाव सांगितले नाही.