दोन तंबोरे, एक सूर

गवयाच्या मागे दोन तंबोरे झंकारत असले म्हणजे मैफल कशी भरून जाते! परंतु ते दोन्ही सुरात लागले असतील तरच. एखादी तार किंचित उतरली, की यापेक्षा एकच तंबोरा परवडला असता, असे श्रोत्यांना वाटू लागते. असाच पेच इंग्लंडमधील ट्रायम्फ मोटारसायकलींच्या इतिहासातही आढळतो.

ट्रायम्फचे सूत्रधार एडवर्ड टर्नर यांनी १९३७ साली ‘स्पीड ट्विन’ ही गाडी काढली. तिला सिलिंडर दोन, पण कार्ब्युरेटर एकच. कार्ब्युरेटरचे काम तसे साधे. दट्ट्या खाली गेला, की हवा आत ओढली जाते. अरुंद गळ्यातून वेगाने जाताना तिचा दाब घटतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोलाचे तुषार तिच्यात मिसळतात. एक भाग पेट्रोलाला वजनाने सुमारे पंधरा भाग हवा लागते.

एका कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या या गाड्या काही मंद नव्हत्या. १९४९ साली ‘थंडरबर्ड’ जातीच्या तीन गाड्यांनी फ्रान्समधील मोंलेरीच्या शर्यतमार्गावर ५०० मैल अंतर ताशी ९० मैलांहून अधिक सरासरीने तोडले. पण वेगाच्या हौसेला अंत कुठला? १९५६ साली अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठागरी मैदानावर जॉनी ॲलन याने ट्रायम्फचे इंजिन बसविलेले वाहन ताशी २१४ मैल वेगाने पळविले. आंतरराष्ट्रीय संघटनेने हा विक्रम मान्य केला नाही. ट्रायम्फने मात्र १९५९च्या हंगामासाठी काढलेल्या आपल्या नव्या गाडीला त्या मैदानाचेच नाव दिले.

या ६५० घनसेंटिमीटरच्या ‘बॉनव्हिल’ला प्रत्येक सिलिंडरमागे स्वतंत्र कार्ब्युरेटर होता. इंजिन भरधाव फिरू लागले, की दोन्ही सिलिंडरांना पोटभर मिश्रण मिळे. १९६९ साली आइल ऑफ मॅन बेटावर माल्कम अपहिल याने याच गाडीवर ताशी शंभर मैलांहून अधिक सरासरीने फेरी पूर्ण केली.

मग एका कार्ब्युरेटरची गाडी अडगळीत गेली का? मुळीच नाही. कारण दोन कार्ब्युरेटर सुरात लावणे हे जिकिरीचे काम. मुठीबरोबर दोन्हींच्या झडपा एकाच क्षणी, सारख्याच उचलल्या गेल्या पाहिजेत. एक तार जरा सैल पडली, की एक सिलिंडर पुढे ओढतो, दुसरा मागे रेंगाळतो आणि उभ्या गाडीचे इंजिन अडखळू लागते. सावकाश फिरणाऱ्याला तर जादा वेगाचा लाभ क्वचितच. दुरुस्तीची कटकट मात्र नित्याची.

म्हणूनच ‘टीआर६’ ही एका कार्ब्युरेटरची बहीण त्याच कारखान्यातून निघत राहिली. १९६३च्या ‘द ग्रेट एस्केप’ या चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन ज्या गाडीवरून पळतो, ती जर्मन वेष चढविलेली टीआर६च. इतकेच नव्हे, तर ब्रिटिश पोलिसांसाठी ट्रायम्फने जी ‘सेंट’ नावाची गाडी बनविली, तीही याच घराण्यातली. ज्यांना रोज, पावसापाण्यात, हाक येताच निघायचे, त्यांच्या वाट्याला साधी गाडी आली, हे लक्षात घेण्याजोगे आहे. पुढे १९७३ साली ७५० घनसेंटिमीटरच्या गाड्या आल्या, तेव्हाही बॉनव्हिलला दोन आणि ‘टायगर’ला एक, अशीच वाटणी राहिली. १९८३ साली मेरिडनचा कारखाना बंद पडला. वाद मात्र जुन्या गाड्यांच्या शौकिनांत अजून रंगतो.

निवाडा सोपा आहे. तंबोरा जुळवायची ज्याला गोडी आहे, त्याने खुशाल दोन घ्यावेत. ज्याला नुसते गायचे आहे, त्याला एक पुरे.