पाण्यावरचं मांजरघर

मांजराला पाण्याचा तिटकारा. तरीही बेवारस मांजरांचं जगातलं एक नामांकित आश्रयस्थान चक्क पाण्यावर आहे, ॲम्स्टरडॅमच्या सिंगेल कालव्यात. डच लोक त्याला ‘पूझेनबोट’, म्हणजे मांजरांची बोट म्हणतात.

या बोटीची हकिकत सुरू होते १९६६ साली, जमिनीवर. हेरेनग्राख्ट कालव्याकाठी राहणाऱ्या हेन्रिएट व्हान वेल्डे या बाईंना घरासमोरच्या झाडाखाली एक मांजरी पिल्लांसह आडोशाला बसलेली दिसली. ते सगळं बिऱ्हाड त्यांनी घरात आणलं. पाठोपाठ आणखी एक मांजर आलं, मग आणखी. मांजरं सांभाळणारी बाई म्हणून एकदा नाव झालं की पुढे काय होतं, ते आपल्याकडे गल्लीतल्या मांजरांना दूध घालणाऱ्या कुठल्याही काकूंना विचारावं. लोक स्वतःहून मांजरं आणून द्यायला लागले. घर भरलं, बाग भरली, गच्चीही भरली.

आता जागा आणायची कुठून? ॲम्स्टरडॅमचा हा कालव्यांचा भाग सतराव्या शतकातला. घरं अरुंद, उंच, एकमेकांना खेटून. पण दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत अनेक कुटुंबांनी जुन्या मालवाहू नौकांमध्ये संसार थाटले होते. माणसं राहतात तर मांजरं का नाही? १९६८ मध्ये बाईंनी एक जुनी शिडाची मालवाहू नौका विकत घेतली, आतलं सगळं काढून टाकलं आणि मांजरांना तिथे हलवलं. बाहेरच्याला हा विक्षिप्तपणा वाटेल. त्या शहराच्या रीतीत तो सरळ व्यवहार होता.

१९७१ मध्ये दुसरी बोट घ्यावी लागली. १९७९ मध्ये पहिली जुनी नौका जाऊन तिच्या जागी तरंगतं घर आलं, आणि १९८७ मध्ये या कामाची रीतसर संस्था झाली.

बेवारस जनावरांना आसरा देण्याची कल्पना अर्थातच याहून जुनी. मुंबईत १८३२ साली इंग्रज सरकारच्या हुकमाने रस्त्यावरची कुत्री मारली जाऊ लागली, तेव्हा पारशी समाज खवळून उठला आणि शहरात दंगा झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभाईंच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. लंडनमध्ये मेरी टील्बी यांनी १८६० मध्ये हरवलेल्या कुत्र्यांसाठी घर काढलं. ते १८७१ मध्ये बॅटरसीला गेलं आणि मांजरांना तिथे प्रवेश मिळाला थेट १८८३ मध्ये. मांजर आपलं आपण पोट भरतं, हा समज तिकडेही पक्का असावा.

पांजरपोळीची धाटणी मात्र वेगळी: आलेलं जनावर मरेपर्यंत पोसायचं. गाईबैलांच्या बाबतीत ते निभतं. मांजरांचं तसं नाही. मांजरी वर्षातून दोन-तीनदा विते आणि एका वेताला चार-पाच पिल्लं सहज होतात. नुसतं ठेवून घ्यायचं ठरवलं तर कितीही बोटी आणा, कमीच पडणार. म्हणून व्हान वेल्डेबाईंच्या कामाची खरी कसोटी मांजर आत घेण्यात नव्हती, ते बाहेर पाठवण्यात होती. बोटीवर आलेल्या मांजराची तपासणी होते, लस टोचली जाते, नसबंदी होते, कातडीखाली ओळखीची चिप बसवली जाते आणि मग त्याच्यासाठी घर शोधलं जातं. मांजरी पिल्लांना सात घरं फिरवते असं आपण म्हणतो. इथला सगळा खटाटोप एकच घर मिळावं आणि तिथेच मुक्काम व्हावा यासाठी.

सगळ्यांनाच ते मिळत नाही. बोटीवर एका वेळी सुमारे ५० मांजरं राहू शकतात. माणसाला न सरावलेली, चट्कन पंजा मारणारी काही जण तिथली कायमची रहिवासी होऊन बसतात. त्यांना कोण नेणार?

व्हान वेल्डे २००५ मध्ये वारल्या, पण काम थांबलं नाही. आता ही बोट पर्यटकांच्या यादीतही गेली आहे. दुपारी ठरावीक वेळी दार उघडतं, लोक फोटो काढतात, पेटीत चार युरो टाकतात. संस्था देणग्यांवर चालते, त्यामुळे या पाहुण्यांचं स्वागतच होतं. मांजर घरी नेणारा मात्र बहुतेक जवळपासचाच कोणीतरी असतो.