कीचकाचा वध, दोनदा

आजचा धागा कोल्हापूरच्या खरी कॉर्नरपासून सुरू करू. तिथे सिनेमाच्या कॅमेऱ्याचे एक स्मारक उभे आहे. दरवर्षी १ डिसेंबरला, महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या स्थापनादिनी, गावातील कलावंत मंडळी तिथे जमतात आणि कॅमेऱ्याचे पूजन करतात. ज्या कॅमेऱ्याची ही आठवण, तो विलायतेहून पेटीत बंद होऊन आलेला नव्हता. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी तो कोल्हापुरातच घडवायला घेतला. १९१६ साली आनंदराव गेले. उरलेले काम बाबूरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये तडीस नेले. कंपनीच्या भांडवलासाठी गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला, आणि या घरगुती कॅमेऱ्याने पहिलाच जो बोलपट नव्हे, मूकपट टिपला, त्याने प्रेक्षकांची घाबरगुंडी उडवली.

धाग्याचा विषय तोच आहे : एकदा लोकांना घाबरवून गेलेल्या चित्रपटाकडे पुन्हा वळले, की काय होते? फ्रँकेन्स्टाइन, किंग काँग, जॉज यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या भागांविषयी वाचक पुष्कळ वाचतात. हीच गोष्ट आपल्या गावात शंभर वर्षांपूर्वी कशी घडली, ते फारसे सांगितले जात नाही.

७ फेब्रुवारी १९२०. पुण्याच्या आर्यन चित्रगृहात ‘सैरंध्री’ झळकला. अज्ञातवासात विराटाघरी दासी होऊन राहिलेली द्रौपदी, तिच्यावर डोळा ठेवणारा कीचक, आणि रात्रीच्या अंधारात त्याची वाट पाहत बसलेला भीम. कीचकाच्या भूमिकेत झुंझारराव पवार, भीमाच्या भूमिकेत बाळासाहेब यादव. स्त्रीभूमिकाही स्त्रियांनीच केलेल्या; त्या काळी हेच मोठे धाडस होते. कथा प्रत्येकाला पाठ. कीचक मरणार, हे तिकीट काढण्यापूर्वीच ठाऊक. तरीही वधाचे दृश्य आले आणि थिएटरात किंकाळ्या उठल्या, बायका बेशुद्ध पडल्या, असे सांगतात. त्या दृश्यावर इतका गहजब झाला की सरकारी आज्ञेने ते कापावे लागले. १९१८ चा सिनेमॅटोग्राफ कायदा नुकताच झाला होता, परीक्षण मंडळे १९२० मध्येच आकार घेत होती. त्यांच्या कात्रीची धार ज्या पहिल्या भारतीय दृश्यांवर पारखली गेली, त्यांत हे एक.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कीचकाला सरकार घाबरण्याची ही पहिली वेळ नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यातला उन्मत्त कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, हे पिटातल्या प्रेक्षकालाही समजे. १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. म्हणजे १९२० चा प्रेक्षक पडद्यावरच्या भीमाकडे कोऱ्या मनाने पाहत नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी महाभारत होते, बंदी आलेले नाटक होते आणि अमृतसरच्या गोळीबाराला वर्षही झालेले नव्हते. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ती केवळ छायाचित्रणाच्या सफाईसाठी नसावी, असे माझे मत आहे.

योगायोग पाहा. ‘सैरंध्री’नंतर बरोबर १९ दिवसांनी, २६ फेब्रुवारी १९२० रोजी, बर्लिनमध्ये ‘द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगारी’ प्रदर्शित झाला. भयपटांच्या कोणत्याही इतिहासाचे पहिले प्रकरण त्याच्यापासून सुरू होते. कॅनव्हासवर रंगवलेल्या वाकड्यातिकड्या भिंती, रंगवलेल्याच सावल्या. कोल्हापूरचे बाबूरावही मूळचे नाटकांचे पडदे रंगवणारे. अर्थात दोघांना एकमेकांची वार्ताही नव्हती, आणि या साम्यातून मोठा सिद्धान्त काढण्यात अर्थ नाही. पण रंगवलेल्या पडद्याचा उपयोग भीतीसाठी करता येतो, हे दोन्हीकडच्या चित्रकारांना उमगले होते, एवढे खरे.

आता तेरा वर्षे पुढे जाऊ. १९२९ मध्ये बाबूरावांचे चार शिष्य, दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम, गुरूला सोडून बाहेर पडले आणि सीतारामपंत कुलकर्ण्यांना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ बोलू लागला. १९३३ मध्ये कंपनीने पुण्याला बिऱ्हाड हलवले. त्याच वर्षी या शिष्यांनी गुरूच्या दोन चित्रपटांना पुन्हा हात घातला : १९२३ चा ‘सिंहगड’ आणि १९२० चा ‘सैरंध्री’. याला आपण आजच्या अर्थाने दुसरा भाग म्हणणार नाही. पौराणिक कथेला दुसरा भाग नसतो; कीचक मेला की संपले, त्याला पुन्हा पडद्यावर आणायचे तर पहिल्यापासून जन्माला घालून पुन्हा मारावे लागते. हॉलिवुडने दुसरी वाट धरली. १९३१ मध्ये जळत्या पवनचक्कीत संपलेला फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस १९३५ मध्ये चक्कीखालच्या पाण्यात जिवंत सापडला. किंग काँग मार्च १९३३ मध्ये मनोऱ्यावरून कोसळला, तर त्याच डिसेंबरात ‘सन ऑफ काँग’ तयार! वाटा निराळ्या, गरज एकच : चाललेले नाणे पुन्हा चालवून पाहणे.

पण ‘प्रभात’ला केवळ नाणे चालवायचे नव्हते. त्यांना रंग हवा होता. ‘सैरंध्री’ची निवडच रंगांसाठी झाली. ही पद्धत समजून घेण्यासारखी आहे. कॅमेऱ्यात एकाच वेळी दोन फिती, एकमेकींना चिकटून, धावत. एक निळ्या-हिरव्या छटा टिपे, दुसरी तांबड्या-नारिंगी. मग दोन्ही बाजूंना लेप दिलेल्या एकाच फितीवर, एका बाजूस एक आणि दुसऱ्या बाजूस दुसरी, अशा त्या छापल्या जात. दोन रंगांच्या भांडणातून बाकीचे रंग भासवायचे. हे काम भारतात होण्याची सोय नव्हती. चित्रित फिती घेऊन शांताराम जर्मनीला गेले. तिथे प्रक्रिया झाली, प्रती निघाल्या, आणि रंग भडक नि बेताल उतरले. चित्रपट पडला. पहिला भारतीय रंगीत चित्रपट म्हणून मान मिळाला तो १९३७ च्या ‘किसान कन्या’ला, कारण त्याची प्रक्रिया इथेच झाली होती.

१९२० च्या कीचकाचे रक्त पडद्यावर काळे होते. त्याने बायका बेशुद्ध पडल्या. १९३३ मध्ये रक्ताला तांबडा रंग मिळाला, आणि लोकांनी पाठ फिरवली. अपयशाची इतर कारणेही असतील, मूकपटाचा काळ वेगळा आणि बोलपटाचा वेगळा, हे मान्य. तरी एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. बाबूरावांना कीचक मारायचा होता आणि त्यासाठी त्यांनी कॅमेरा घडवला. शिष्यांना रंग दाखवायचा होता आणि त्यासाठी त्यांनी कीचक निवडला.

हा क्रम उलटला की काय होते, याची उदाहरणे पुढे जगभर दिसतात. १९८२ ते १९८३ या दोन वर्षांत ‘फ्रायडे द थर्टीन्थ’, ‘जॉज’ आणि ‘अ‍ॅमिटीव्हिल’ या तिन्ही मालिकांचे तिसरे भाग थ्रीडीत आले. तीन हा आकडा जाहिरातीला सोयीचा, एवढेच त्यामागचे तर्कशास्त्र. ‘जॉज’च्या पहिल्या भागात यांत्रिक मासा वारंवार बिघडत असल्याने स्पीलबर्गला तो बराच वेळ लपवावा लागला होता, आणि न दिसणारा मासाच लोकांच्या छातीत बसला. तिसऱ्या भागात मासा प्रेक्षकांच्या अंगावर धावून आला आणि कोणी दचकले नाही.

आणि आपला तात्या विंचू? ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. मूळ कल्पना १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ची, हे कोणी लपवलेले नाही, पण महेश कोठारे यांनी तिला मराठी मातीत रुजवले ते नेमकेपणाने. परदेशी जादूटोण्याच्या जागी बाबा चमत्कारचा मृत्युंजय मंत्र आला, मरण भ्रूमध्यात ठेवले गेले. रामदास पाध्यांनी घडवलेला बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या, आणि त्या बाहुल्याकडे पाहून थरथरणारा लक्ष्मीकांत बेर्डे. त्या बाहुल्याच्या हालचाली आज पाहिल्या तर अगदी साध्या आहेत. भीती बाहुल्याच्या अंगात नव्हतीच. ती लक्ष्याच्या चेहऱ्यावर होती. तो घाबरला की आपण हसायचो आणि हसता हसता पलंगाखाली एकदा डोकावून घ्यायचो. घरी शोकेसमध्ये ठेवलेली बाहुली भिंतीकडे तोंड करून ठेवणारी मुले आमच्या पिढीत थोडी नव्हती.

‘झपाटलेला २’ जून २०१३ मध्ये आला. मराठीतला पहिला थ्रीडी चित्रपट म्हणून त्याची द्वाही फिरली. लोकांनी चष्मे चढवून गर्दीही केली. कोठारे यांचे श्रम आणि हिंमत नाकारण्याचे कारण नाही. मराठी चित्रपटाच्या तुटपुंज्या पैशात हे करून दाखवणे सोपे नव्हते. आदिनाथ कोठारे यांनी लक्ष्याच्या मुलाचे काम केले. बाहुला तोच, घडवणारे हात तेच. पण लक्ष्मीकांत बेर्डे डिसेंबर २००४ मध्येच गेले होते. बाहुला आता अंगावर येत होता. त्याला पाहून घाबरणारा तो चेहरा मात्र समोर नव्हता. १९३३ च्या ‘सैरंध्री’ची मला तेव्हाच आठवण झाली.

मग काय, नवे तंत्र म्हणजे भीतीचा घातच? तसे म्हणण्याची घाई नको. फेब्रुवारी १९३३ मध्ये, म्हणजे ‘सैरंध्री’च्याच वर्षी, अमेरिकेत ‘मिस्टरी ऑफ द वॅक्स म्युझियम’ हा भयपट दोन रंगांत आला. १९५३ मध्ये त्याचीच नवी आवृत्ती ‘हाउस ऑफ वॅक्स’ थ्रीडीत निघाली आणि तुफान चालली. तिचा दिग्दर्शक आंद्रे द तोत एका डोळ्याने अधू होता. त्याला स्वतःला थ्रीडी दिसतच नसे! तंत्राची भुरळ पडण्याची सोयच नव्हती. बिचाऱ्याला चित्रपटच काढावा लागला.

आपल्याकडेही असे दोनदा घडले. पहिली गोष्ट शांतारामांचीच. जर्मनीहून ते रंगांची निराशा घेऊन परतले, पण रिकाम्या हाताने नव्हे. तिथल्या स्टुडिओंतील काम डोळ्यांखालून घालून आणि एक टेलिफोटो भिंग घेऊन आले. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये ते भिंग त्यांनी बळी मागणाऱ्या राजगुरूच्या डोळ्यावर रोखले. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. पडदाभर एकच डोळा. रंग नाही, तलवार नाही, रक्त नाही. ‘सैरंध्री’त हरवलेली भीती वर्षभरात कृष्णधवल होऊन परतली.

दुसरी गोष्ट गुरूची. शिष्य गेल्यानंतर महाराष्ट्र फिल्म कंपनी फार काळ टिकली नाही. बोलपट आला तेव्हा बाबूरावांच्या हाती ना कंपनी होती ना ती माणसे. त्यांनी १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’ काढला होता. कथा नारायण हरी आपटे यांची, जमीन गमावून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम. देवादिकांना सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. हाच चित्रपट बाबूरावांनी कोल्हापूरच्या शालिनी सिनेटोनमध्ये १९३६ साली पुन्हा केला, बोलता. त्यात भूत नाही, राक्षस नाही, बाहुला नाही. राक्षस असलाच तर तो वहीखात्यात नावे लिहून घेणारा. हाती नवे तंत्र होते ते आवाजाचे, आणि त्या काळी आवाज मिळाला की लोक डझनावारी पदे घालून मोकळे होत.

‘हंटरवाली’ काढणाऱ्या जे. बी. एच. वाडियांनी दोन्ही आवृत्त्या पाहिल्या होत्या. मूकपट त्यांना पुसटसाच आठवे. बोलपटातले एक दृश्य मात्र आयुष्यभर त्यांच्या मनातून गेले नाही : लांबून टिपलेले एक उदास झोपडे, जवळजवळ पूर्ण अंधार, आणि एका कुत्र्याचे रडणे.

१९२० चा ‘सैरंध्री’ आज पाहायला मिळत नाही. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही नाही. ज्वालाग्राही नायट्रेटच्या त्या फिती काळाच्या पोटात गेल्या; बाबूरावांच्या मूकपटांपैकी ‘मुरलीवाला’सारखे अगदी थोडे काही हाताशी उरले आहे. तेव्हा कोल्हापूर, सांगली, बेळगाव, निपाणी या भागातील वाचकांना एक विनंती. घरातल्या जुन्या ट्रंकेत, माळ्यावर, आजोबांच्या कागदांत ‘सैरंध्री’ किंवा ‘सावकारी पाश’ यांचे जाहिरातपत्रक, पदांची पुस्तिका, एखादे छायाचित्र सापडले, तर रद्दीत घालू नका. छायाचित्र काढून या धाग्याखाली टाका. कीचकवधाचे असेल, तर आधी टाका.