सोमेश्वर (शिलाहार)

सोमेश्वर (कारकीर्द : इ.स. सुमारे 1255 ते 1265) हा उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्याचा अखेरचा राजा होय. शिलाहारांच्या तीन शाखांपैकी ही शाखा ठाण्याची, म्हणजे तत्कालीन स्थानकाची, म्हणून ओळखली जाते. विद्याधर जीमूतवाहनापासून आपला वंश सांगणारे हे घराणे सुवर्णगरुडाचे निशाण मिरवी आणि स्वतःस तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील आजचे तेर, या नगराचे अधीश्वर म्हणवी. मात्र त्याची खरी सत्ता नवव्या शतकाच्या आरंभापासून कोकणपट्टीतच नांदली. प्रारंभी ते राष्ट्रकूटांचे मांडलिक होते आणि पुढेही त्यांचे राजे बहुधा महामंडलेश्वर, म्हणजे मोठ्या सम्राटाच्या छत्राखालील प्रमुख सामंत, हीच पदवी लावीत. ठिकठिकाणची बंदरे आणि त्यांवरील जकात हा त्यांच्या वैभवाचा मुख्य आधार होता.

सोमेश्वराने ही सामंती पायरी ओलांडून महाराजाधिराज आणि कोकणचक्रवर्ती अशी बिरुदे घेतली. देवगिरीच्या यादवांचा दाब वाढत असतानाच्या काळातली ही बिरुदे सामर्थ्यापेक्षा निर्धाराचीच अधिक द्योतक मानावी लागतात. उरणजवळील रानवड आणि चांजे येथे त्याचे शके 1181 व 1182 (इ.स. 1259-60) या वर्षांचे शिलालेख सापडले आहेत. चांजे येथील लेखात उरण भागातील एका बागेचे 162 पारुत्थ द्रम्म इतके ठरीव उत्पन्न (द्रम्म हे त्या काळचे चांदीचे नाणे) स्थानकातील उत्तरेश्वर महादेवाच्या देवालयास दिल्याची नोंद आहे. ज्या राजाची पुढची सगळी कीर्ती पराभवाशी जोडलेली आहे, त्याच्या नित्याच्या राज्यकारभाराचे दर्शन घडते ते अशा दानलेखांतूनच.

यादव राजा कृष्ण याच्या कारकीर्दीत त्याच्या मल्ल नावाच्या सेनानीने कोकणावर स्वारी केली होती, पण त्या वेळी प्रदेश यादवांच्या हाती आला नाही. कृष्णाचा धाकटा भाऊ महादेव 1261 मध्ये गादीवर आल्यानंतर त्याने ही मोहीम नव्याने हाती घेतली व मोठे गजदल घेऊन तो घाटाखाली उतरला. पुढील वृत्तांत मिळतो तो महादेवाचा मंत्री हेमाद्री, म्हणजेच लोकस्मृतीतला हेमाडपंत, याच्या चतुर्वर्गचिंतामणीतील व्रतखंडाच्या राजप्रशस्तीत, म्हणजे धन्याच्या गौरवपर काव्यात. त्यात म्हटले आहे की, सोमेश्वर समुद्र तरून जाण्यात निष्णात असूनही महादेवाच्या हत्तींच्या गंडस्थळांतून वाहिलेल्या मदाच्या नद्यांत सैन्यासह बुडाला. अन्यत्र असा भाव आहे की, महादेवाच्या कोपापेक्षा त्याला समुद्राच्या पोटातला वडवानल सुसह्य वाटला. विजेत्याच्या दरबारातील कवित्व म्हणून अतिशयोक्ती वजा केली, तरी युद्धाचा क्रम यातून बऱ्यापैकी उलगडतो : जमिनीवर गजदलापुढे टिकाव न लागल्याने सोमेश्वराने आपल्या हक्काच्या क्षेत्रात, म्हणजे समुद्रात, आश्रय घेतला आणि यादवांनी तेथेही पाठलाग केल्यावर त्याला जलसमाधी मिळाली. डोंगरपठारावरच्या राज्याने दर्यावर्दी राज्याला त्याच्याच पाण्यात गाठावे, ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती. ही घटना सर्वसाधारणपणे इ.स. 1265 च्या सुमाराची मानली जाते.

मुंबईच्या उपनगरांत या युद्धाशी जोडला जाणारा अवशेष म्हणजे बोरिवली पश्चिमेकडील एकसर गावातील वीरगळ होत. वीरगळ म्हणजे युद्धात पडलेल्या योद्ध्याच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तिच्यावरील पट्ट खालून वर वाचत जावे लागतात. तळाशी संग्राम, त्यावर वीराला स्वर्गी नेणाऱ्या अप्सरा आणि शेवटी शिवलिंगाची पूजा, असा त्यांचा रूढ क्रम असतो. एकसरच्या शिळांपैकी काहींवर हा संग्राम समुद्रातला आहे : मागची बाजू उंच असलेली, डोलकाठ्यांची जहाजे वल्ह्यांच्या एकसारख्या रांगांनी पुढे सरकताना आणि घायाळ सैनिक पाण्यात कोसळताना कोरलेले आहेत. इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी या दृश्याचा संबंध सोमेश्वर व महादेव यांच्या संग्रामाशी लावला. ही ओळख अनुमानावर आधारलेली असून काही अभ्यासक या शिळा त्याहून जुन्या मानतात. तथापि तेराव्या शतकापूर्वी वा त्या शतकात कोकणात आरमारी लढाई कशी होत असे, याचा इतका प्रत्यक्ष पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल. त्या पुराव्यापासून हाकेच्या अंतरावरून आता मेट्रो धावते आणि तिथल्या स्थानकालाही एकसर हेच नाव आहे.

सोमेश्वरानंतर उत्तर कोकणचे शिलाहार राज्य यादवांच्या राज्यात विलीन झाले व तेथे त्यांचे अधिकारी नेमले जाऊ लागले. अच्युत नायक या अधिकाऱ्याचा शके 1194 (इ.स. 1272) चा ठाणे येथील ताम्रपट रामचंद्रदेव यादवाच्या काळातला असून त्यात षट्षष्टीचा, म्हणजे अंधेरीपासून मुलुंडपर्यंतची आजची उपनगरे ज्या बेटावर वसली आहेत त्या साष्टीचा, कारभार त्याच्याकडे असल्याचे दिसते.