युरोपीय क्रांत्यांचे अध्यापन, मुंबई
युरोपातील विचारप्रवाह मराठी विद्यार्थ्यांपर्यंत नेण्याची मुंबईतील परंपरा बाळशास्त्री जांभेकरांपर्यंत (१८१२–४६) मागे जाते. एल्फिन्स्टन संस्थेत शिकवताना त्यांनी १८४० मध्ये ‘दिग्दर्शन’ मासिक काढले. इतिहास, भूगोल, विज्ञान त्यात मराठीतून येई. युरोपात क्रांत्या पेटल्या त्याच १८४८ साली एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन झाली, आणि पुढच्याच वर्षी तिने मुलींच्या शाळा उघडल्या. ही घटना वर्गात आवर्जून सांगावी अशी आहे.

औद्योगिक क्रांती शिकवायला तर परळ-लालबागच्या शिक्षकाला मँचेस्टरपर्यंत जावे लागत नाही. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवच्या कापडगिरणीसाठी कंपनी काढली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये परळला कामगारांची सभा भरवली. तिथे मागितलेली रविवारची सुटी गिरणीमालकांनी मान्य केली ती १० जून १८९० रोजी.