सात-बासष्ट की पाच-छप्पन्न?

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नेफा (आजचा अरुणाचल प्रदेश) आणि लडाखच्या उंचीवर लढणाऱ्या भारतीय जवानाच्या हातात बहुतेक ठिकाणी थ्री-नॉट-थ्री रायफल होती. एक गोळी झाडली की बोल्टची मूठ उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, खाली दाबायची, मग दुसरी. समोरच्या चिनी सैनिकाकडे अर्धस्वयंचलित रायफली होत्या. पराभवाची कारणं पुष्कळ होती, पण हातातल्या बंदुकीचा सल लष्कराच्या मनात राहिला.

त्यातून आली एसएलआर. बेल्जियमच्या ‘फाल’ रायफलवर बेतलेली आणि बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यात बनलेली ही बंदूक ७.६२ × ५१ मिलिमीटरचं काडतूस खाई. गोळी नळीतून पुढे जाताना मागचा थोडा वायू एका बारीक छिद्रातून दट्ट्यावर येतो, दट्ट्या बोल्टला मागे ढकलतो, रिकामं टरफल बाहेर पडतं आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढचं काडतूस नळीत बसतं. धूळ-चिखलाने हे चक्र मंदावलं, तर वायूची कडी फिरवून जोर वाढवायचा. ही साधी सोय शिपायाच्या बोटांत होती, आणि एसएलआरवरच्या विश्वासाचं निम्मं श्रेय तिला द्यायला हवं. भरलेल्या मॅगझिनसह वजन सुमारे ५ किलो, लांबी मीटरभराहून जास्त, खांद्याला दणका जबरदस्त. पण लागलेली गोळी माणसाला उठू देत नसे.

ही जड गोळी मुळात अमेरिकेच्या आग्रहाने आली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनने ७ मिलिमीटरची हलकी गोळी सुचवली, तिच्यासाठी रायफलही तयार केली. अमेरिकेने ती नाकारली आणि १९५४ च्या सुमारास नाटो देशांनी ७.६२ स्वीकारली. पुढे दहा-बारा वर्षांत व्हिएतनामच्या जंगलात त्याच अमेरिकेने ५.५६ ची एम-१६ आणली. ती सुरुवातीला वारंवार अडकली, जवान मेले. काडतुसातली दारू बदलली होती आणि सफाईचं साहित्य पुरेसं दिलेलं नव्हतं. गोळीच्या आकाराचा त्यात दोष नव्हता. हा धडा भारताच्या पुढच्या गोष्टीत फार कामाचा होता.

१९८७ मध्ये भारताची शांतिसेना श्रीलंकेत उतरली. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणीही तिथे होत्या. जाफनाच्या गल्ल्यांत आणि माडांच्या बागांत एसएलआरची लांबी अडचणीची ठरली. समोरच्या तमिळ वाघांकडे, म्हणजे एलटीटीईच्या बंडखोरांकडे, एके-४७ होत्या, आखूड आणि सलग गोळ्या झाडणाऱ्या. एसएलआर बदलण्याचं काम त्याआधीच सुरू झालं होतं. आता त्याची निकड रक्ताने लिहिली गेली.

नवी रायफल आखली पुण्यात, पाषाणच्या शस्त्रास्त्र संशोधन संस्थेत. नाव इन्सास. कॅलिबर ५.५६ × ४५. गोळी साधारण ४ ग्रॅमची, म्हणजे एसएलआरच्या गोळीच्या निम्म्याहूनही हलकी. त्यामुळे त्याच वजनात जवान जास्त काडतुसं बाळगू शकतो आणि नेमही लवकर सावरतो. शिवाय शत्रू मरण्याऐवजी जखमी झाला, तर त्याला उचलायला आणखी दोघे गुंततात, असा युक्तिवाद तेव्हा केला जाई. समोर पगारी सैन्य असेल तर तो पटण्यासारखा आहे. काश्मीरच्या एका खोलीत, चार पावलांवर आत्मघाती अतिरेकी उभा असताना तो जवानाच्या जिवावर बेततो.

१९९९ मध्ये कारगिलला इन्सासची खरी परीक्षा झाली. तिचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचं, आत किती गोळ्या उरल्या ते दिसावं म्हणून. कल्पना उत्तम. पण थंडीत ते तडकू लागलं. तीन गोळ्यांच्या खटक्यावर ठेवलेली रायफल कधी सलग सुटे, कधी अडके. तेलाचे थेंब डोळ्यांत उडाल्याच्याही तक्रारी आल्या. सुधारणा झाल्या. तरी २००५ मध्ये कालिकोटच्या लढाईत ४३ जवान गमावल्यावर नेपाळच्या लष्कराने इन्सासकडे बोट दाखवलं. भारताने हाताळणीतल्या चुकांचा मुद्दा मांडला. या सगळ्यात ‘इन्सास वाईट’ आणि ‘पाच-छप्पन्न वाईट’ ही दोन वेगळी वाक्यं एकच होऊन बसली.

मग लष्कराने दोन्ही कॅलिबर एकाच बंदुकीत मागितले. नळी बदलली की गोळी बदलावी, अशा रायफलसाठी २०११ मध्ये निविदा निघाली. २०१५ मध्ये ती रद्द झाली. २०१९ मध्ये ७.६२ × ५१ च्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार अमेरिकी कंपनीशी झाला. डिसेंबर २०२१ मध्ये ६ लाखांहून अधिक एके-२०३ अमेठीजवळ कोरव्याला बनवण्याचा करार झाला. तिचं काडतूस ७.६२ × ३९. नाव तेच सात-बासष्ट, पण टरफल आखूड, आणि एकीचं काडतूस दुसरीत चालत नाही.

जड गोळीकडे परतण्याचा निर्णय लढण्याच्या जागा पाहता योग्यच आहे. पण ५.५६ ला दोषी धरून तो घेतला गेला असेल, तर चूक जागेवरच राहिली. कारगिलमध्ये तडकलं ते मॅगझिन. ते बर्फात ठेवून, वाकवून, आपटून आधी तपासायला हवं होतं, आणि तेही पहिली पलटण वर चढण्यापूर्वी. आज सीमेवर इन्सास, सिग आणि एके-२०३ अशा तिन्ही रायफली आहेत. तिघींची काडतुसं वेगळी, आणि रसद वाहणाऱ्याला ती वेगवेगळ्या पेट्यांतूनच वर न्यावी लागतात.