नाव रंगाचे की मातीचे?

तुरमलीला तिचे नाव मिळाले तेच मुळी एका घोटाळ्यातून. सिंहलद्वीपातले जवाहिरे नीट न ओळखलेल्या रंगीत खड्यांना सरसकट ‘तोरमल्ली’ म्हणत. अठराव्या शतकाच्या आरंभी डच लोकांनी हे खडे युरोपात नेले. तापविलेला खडा राख ओढून घेतो, हे पाहून त्यांनी त्याला ‘राखओढ्या’ म्हटले. ही किमया विजेची, हे एपिनुसने १७५६ साली दाखवून दिले.

खरा तंटा पुढेच होता. १९८० नंतरच्या दशकात ब्राझीलच्या पराइबा प्रांतात निळ्याहिरव्या तेजाची तुरमली सापडली. ते तेज तांब्याचे होते. ‘पराइबा’ या नावालाच मोल आले. मग २००१ साली नायजेरियात आणि पुढे मोझांबिकातही तशीच तुरमली निघाली. नुसत्या डोळ्यांनी भेद कळेना. तेव्हा रत्नपरीक्षक लेसरने खड्याचा सूक्ष्म कण उडवून त्यातील गॅलियम, शिसे यांचे प्रमाण मोजू लागले आणि त्यावरून खड्याची मायभूमी ठरवू लागले.

२००६ साली प्रमुख प्रयोगशाळांनी निवाडा दिला: ‘पराइबा’ हे जातीचे नाव, खाण निराळी सांगावी. तरी बाजारात ब्राझीलच्या खड्याला अजूनही भाव अधिक. तांबे तेच, तेज तेच. पण माणूस जन्मगाव विचारल्यावाचून राहत नाही.